रिलीव्हर येईपर्यंत

लाइट जाते तेव्हा कूलर लगेच थांबत नाही. आधी मोटरचा आवाज बसतो, मग पंप पाणी चढवणं सोडतो, पातं मात्र जुन्या वेगाच्या भरवशावर फिरत राहतं. मी चटईवर आडवी होऊन ते बघते आहे. वैशाखाची दुपार, खिडकीला ओलं पोतं, उशाशी पाण्याचा तांब्या. पाती आधी एकमेकांत मिसळलेली असतात. मग वेगळी दिसायला लागतात. वेगळी दिसली की माझे डोळे मिटायला लागतात.

आमच्या मागच्या दारातून थर्मलची चिमणी दिसते. अर्ध्या राज्याला वीज पुरवणाऱ्या चिमणीखाली आमची लाइट जायची तेव्हा आम्ही बायका हसायचो. आता चिमणीतून धूरही येत नाही. आता कोणाच्या नावानं हसायचं?

"पंखा थांबला तर थांबू द्यावा," मंजूचे बाबा म्हणायचे, "त्याला वजन किती! टर्बाईनला नाही थांबू देता येत."

मंजूचे बाबा म्हणजे मनोहर निखाडे, माझे यजमान. त्यांची सगळी नोकरी टर्बाईनवर गेली. तिथला रोटर, म्हणजे वाफेनं फिरणारा आस, ट्रकपेक्षा लांब आणि कढईसारखा तापलेला. सेट, म्हणजे वीज करणारं सगळं यंत्र, बंद केला की रोटरला तसाच विसावू दिला, तर तो स्वतःच्याच वजनानं वाकतो. केसाएवढा वाकतो, पण मग जन्मात सरळ धावत नाही. म्हणून तो थंड होईपर्यंत त्याला हळूहळू फिरवत ठेवायचं. त्याला बारिंग म्हणतात. एरवी हे काम मोटर करते. मोटरलाच वीज नसेल तर माणसं लोखंडी दांडा लावून फिरवतात. एकदा अख्खं केंद्र अंधारात गेलं होतं, तेव्हा मंजूचे बाबा आणि त्यांचा जोडीदार ईश्वर टेंभुर्णे, दोघांनी आळीपाळीनं रोटर फिरवला. घरी आले तेव्हा तळहाताची कातडी सुटली होती. वरणभात मी भरवला. लग्नानंतर पहिल्यांदाच. एक घास भरवायला सगळ्या केंद्राची वीज जावी लागली.

आज जेवणं आटोपल्यावर टेंभुर्णे दारात आला होता. हल्ली तो सेट भंगारात घेणाऱ्या ठेकेदाराकडे आहे. डोक्याला दुपट्टा, डोळे लाल. मी पाणी दिलं, त्यानं अर्धं प्यायलं, अर्धं तोंडावर मारलं.

"आज रोटर गेला, वहिनी."

"कुठं?"

"ट्रेलरवर. तुकडे केले तीन."

"तुम्ही होते?"

"मीच होतो ना. दुसऱ्या कोणाला समजते का तिथं, कुठं कापायचं ते?" मग तांब्या खाली ठेवून म्हणाला, "भाऊला नका सांगू."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं. तो ओशाळला. मलाही हसू आलं.

"कुठून सांगू बाप्पा," मी म्हटलं.

पण तो गेल्यापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे. त्याचं कारण दहाव्याचा कावळा.

मंजूच्या बाबांच्या दहाव्याला कावळा शिवेना. नदीकाठची झाडं राखेच्या पाण्यानं वाळून गेलेली, कावळ्यानं बसावं कुठं? एकच दिसत होता, लांब खांबावर. सासूबाईंनी हात जोडले, "मनोहर, तुह्या लेकरावर माही नजर राहीन रे." नाही. मंजू म्हणाली, "बाबा, आईला मी एकटं टाकणार नाही." नाही. मंजू पुण्याला असते, ते कावळ्यालाही ठाऊक असावं. मी म्हटलं, "तुमचा स्वेटर कोणाला देणार नाही." लोक माझ्याकडे बघायला लागले. ऊन चढलं, भटजी सावली शोधायला लागले. तेव्हा टेंभुर्णे पुढं झाला आणि शिफ्टमध्ये ओरडतात तसा ओरडला, "भाऊ, तुमचा सेट बंद पडू देणार नाही! तुम्ही निघा, मी येऊन राहिलो रिलीव्ह करायला!"

कावळा सरळ पिंडावर आला.

सगळ्यांना हायसं वाटलं. आम्ही जेवलो. पुढच्याच वर्षी सेट कायमचा बंद झाला.

आता शिफ्टचा नियम सांगते. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. तो आजारी पडो, दारू पिऊन पडो, तोवर यंत्रापाशी उभं राहायचं. आमच्या संसारात मला सवत कोण होती असं विचाराल, तर न आलेला रिलीव्हर. किती वेळा भाकरी थापून वाट पाहिली आणि नंतर निरोप आला, "भाऊ डबल करून राहिले." एक पाळी संपवून लगेच दुसरी.

तर तो माणूस टेंभुर्ण्याच्या शब्दावर निघाला की तिथंच उभा आहे, हे मला कोणाला विचारता येत नाही.

पातं थांबतं. थांबता थांबता अर्धा फेरा उलटं येतं, आणि कोणीतरी बोट लावून त्याला पुन्हा पुढं ढकलतं.

"थांबू नको देऊ वो," मंजूचे बाबा म्हणतात.

कूलरच्या पलीकडे उभे आहेत. जाळीतून अर्धा चेहरा दिसतो. खाकी शर्ट, खिशाला टेस्टर, आणि उजव्या कानावर ते काळं तेलकट वर्तुळ. बेअरिंगचा आवाज ऐकायला ते लोखंडी सळई वापरायचे, एक टोक बेअरिंगवर, एक कानात. घरी आले की मी रॉकेलच्या बोळ्यानं कान पुसायची. चाळिशीच्या बाप्याला तीट लावल्यासारखं दिसायचं ते.

"तुम्ही जेवले?" मी विचारते. मेलेल्या माणसाला काय विचारावं, हे कोणी शिकवलेलं नसतं.

"टेंभुर्णे आला का?"

"मी जेवायचं विचारून राहिले."

"तो आला की जेवतो."

मी उठते. कपडे काढायला हवेत, धूर आमच्या बाजूला वळला आहे. आम्ही बायका चिमणीकडे बघूनच कपडे वाळत घालायचो. मी दोरीवरून चादर ओढते, चादरीमागे दुसरी चादर आहे, तिच्यामागे तिसरी, सगळ्यांवर राखेचा मऊ थर. शेवटची चादर बाजूला करते तर आत माझं स्वयंपाकघर आहे. पत्र्याच्या डब्यांच्या रांगेपुढून कोळशाचा पट्टा सरकतो आहे. गिरणी चालू आहे. मी तिच्याखाली पिठाचा डबा धरला आहे, त्यात काळं पीठ पडतं आहे.

"बारीक आलं पाहिजे," ते मागून सांगतात. "मैद्यासारखं. जाड राहिलं तर जळत नाही."

"मला नका शिकवू. बत्तीस वर्षं तेच ऐकून राहिले. कोळसा दळायचा, भट्टीत फुंकायचा, पाण्याची वाफ करायची, वाफेनं चाक फिरवायचं. कुकरच तो. शिट्टी तेवढी मोठी."

"कुकर म्हणते!" ते हसतात. त्यांचं हसणं पूर्वीसारखंच आहे, शेवटी खोकला येतो. "मंग तुह्या कुकरनं कधी मुंबईत दिवा लावला?"

"तुमच्या कुकरनं कधी वरण शिजवलं?"

आम्ही जिने चढतो आहोत. लोखंडी जाळीचे जिने, पण पाय ठेवावा तिथं दगड लागतो, ओला. घाट आहे. वर पोचतो तो टर्बाईनचा हॉल. उंच छत, भिंतीला काचा, आणि जमीन सगळी निळी. जवस फुलला आहे. गुडघ्याएवढा, फरशीतून उगवलेला.

हे मला ऐकून माहीत आहे. टर्बाईनचा पाया जिथं खोदला, तिथं माझ्या सासऱ्यांचं जवसाचं शेत होतं. आधी तंबू आले, दुर्बिणी लावून मोजणारे लोक आले, मग शेताच्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी असं ठरलं. तो एक म्हणजे मंजूचे बाबा. पहिला सेट सुरू झाला त्या दिवशी गावात पेढे वाटले. सासूबाईंनी पेढा घेतला नाही. आपल्या शेतात इतका आवाज कोणी पेरला, असं त्या विचारायच्या. पुढं त्यांना त्या आवाजाशिवाय झोप येईना, ती गोष्ट वेगळी. सेट बंद झाला त्या आठवड्यात त्या रात्रभर अंथरुणात उठून बसायच्या आणि म्हणायच्या, "कोणाचा श्वास थांबला वो?"

निळ्या फुलांच्या मधोमध टर्बाईन आहे. झाकण काढलेलं. आत रोटर नाही. नुसती पाळण्यासारखी खोल जागा, तळाशी थोडं तेल साचलेलं. वरच्या क्रेनच्या हुकावर एक कावळा बसला आहे, त्याच्या चोचीला भाताचं शीत चिकटलेलं आहे.

मंजूचे बाबा पायरीवर चढतात, दांडा लावतात आणि रिकाम्या जागेत काहीतरी जड वळवतात. त्यांच्या मानेच्या शिरा फुगतात. मग दम खातात. पुन्हा लावतात.

"काय करून राहिले?"

"बारिंग."

"अहो, सेट बंद झाला."

"कोळसा ओला आला असेल."

"नाही. कायमचा."

"ट्यूब फुटली असेल बॉयलरची. होते तसं. दोन दिवसात वेल्डिंग मारतात."

"तसा नाही हो. मोठे साहेब आले, भाषण झालं, नारळ दिले सगळ्यांना. जुना झाला म्हणाले. कोळसा जास्त खाते, धूर जास्त सोडते."

"आमच्यासारखंच," ते म्हणतात. "मंग माणसालाही वय झालं की दुरुस्तीला नेतातच ना. कायमचं असं काही नसते वो कुंदा. शटडाउन असते."

मी पायरीवर बसते. निळी फुलं पोटऱ्यांना टोचतात. ज्या माणसाला स्वतःचं मरण सांगावं लागलं नाही, त्याला यंत्राचं मरण कसं सांगायचं? मी आत बघते, ते दांडा ओढत असतात. तळहाताची कातडी सुटली आहे.

"रोटर नेला," मी सांगते. "आजच नेला. तीन तुकडे करून."

ते थांबत नाहीत. पण दांडा जरा सावकाश येतो.

"गरम असताना कापला?"

"थंड होता. दोन वर्षं थंडच होता."

"मंग ठीक आहे." थोड्या वेळानं विचारतात, "सरळ होता ना? वाकला तर नव्हता?"

मला काय माहीत! पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी म्हणते, "सरळ होता. टेंभुर्णे म्हणाला."

हे म्हणायला नको होतं. त्यांचे डोळे लकाकतात.

"टेंभुर्णे? तो कुठं भेटला?"

आता लपवून काय करू? "तिथंच आहे तो. कापणाऱ्यांच्या संगं. त्यानंच दाखवलं कुठं कापायचं ते."

मला वाटतं, आता दांडा सुटेल. शिवी देतील, रडतील, निदान बसतील तरी. पण त्यांच्या तोंडावर हसू पसरतं.

"म्हणजे ड्यूटीवर आला तर! तसं सांग ना. मी उगाच त्याला बोल लावत होतो. खाली असेल. वर येऊनच राहिला असेल."

"नाही येत तो, अहो."

"काहून नाही येत? त्यानं सर्वांसमोर सांगितलं. मी ऐकलं. कावळ्यानं ऐकलं." ते वर हुकाकडे मान करतात. कावळा चोच पुसतो.

हॉलच्या काचांबाहेर एक वॅगन हळूहळू उलटी होते आहे. कोळसा आणला की वॅगन अशीच अख्खी उलटी करतात, मी एकदा मंजूला कडेवर घेऊन ते बघायला गेले होते. या वॅगनमधून कोळसा पडत नाही. डबे पडतात. स्टीलचे, तीन पुडाचे, मी वर्षानुवर्षं भरून दिलेले, आणि एकाचंही झाकण उघडलेलं नाही. पडताना त्यांचा आवाज होत नाही.

मी उठते, पदर खोचते.

"द्या इकडे. मी करते रिलीव्ह."

"तू?"

"मग कोण? तुमच्या रिलीव्हरची वाट मी बघितली नाही का जन्मभर? तेवढं शिकले आहे उभं राहायला. तुम्ही हात धुवा, डबा घ्या आणि जा."

"कुठं जाऊ?"

"सगळे जातात तिथं. तुमचे बाबा असतील. शेताचं विचारतील, काहीतरी सांगा."

ते माझ्याकडे बघतात. किती थकले आहेत, ते आता दिसतं. रुग्णालयातल्या शेवटच्या दिवशीही इतके थकलेले दिसले नव्हते. तेव्हा नळी होती नाकात, नळीच थकलेली वाटायची.

"चार्ज घ्यायचा तर ऐकून घ्यावं लागते," ते म्हणतात. "बेअरिंग ऐकल्याशिवाय चार्ज देत नाही मी कोणाला. टेंभुर्ण्यालाही नाही."

"ऐकवा."

ते दांडा माझ्या हातात देतात. लोखंड ऊबदार आहे, भाकरीच्या तव्यासारखं. मी जोर लावते. काहीच नाही आणि तरी जड आहे, इतकं जड की माझ्या खांद्यातून कळ निघते. हे सगळं ते एकटे फिरवत होते. ते बाजूच्या बेसिनवर हात धुतात. भिंतीवरच्या आरशात भांग पाडतात. बाहेर पडलेल्यांतला एक डबा त्यांच्या हातात आहे, झाकण अजून घट्ट. दाराकडे बघतात. दार उघडं आहे, पलीकडे नुसतं ऊन.

निघतील, मला वाटतं. आता निघतील.

"ऐक तेवढं," ते परत येऊन म्हणतात. सळईचं एक टोक रिकाम्या जागेच्या कडेला टेकवतात, दुसरं माझ्या कानात बसवतात. त्यांचा हात माझ्या गालाला लागतो. ओला आहे, साबणाचा वास येतो. "काय ऐकू येते?"

काही नाही. विहिरीत वाकल्यासारखं. माझंच रक्त कुठंतरी लांब वाहतं आहे.

"काही नाही," मी खरं सांगते. "काहीच नाही हो. थांबलं आहे सगळं. तुम्ही सुटले. जा."

ते मान हलवतात. पहिल्यांदा त्यांना पटलेलं दिसतं. खांदे खाली येतात. डबा उजव्या हातातून डाव्या हातात घेतात, नेहमी निघताना घ्यायचे तसा. एक पाऊल टाकतात, दुसरं टाकतात. उंबरठ्यावरचं ऊन त्यांच्या बुटांना लागतं.

तेवढ्यात सळईत घरघर सुरू होते.

आधी बारीक, मग भरून येणारी. खालून वर चढणारी. फरशी थरथरते, फुलं थरथरतात, कावळा उडतो. मला तो आवाज ओळखू येतो. मी सळई कानातून काढायला बघते, ती निघत नाही. हा तो आवाज नाही, मी ओरडते, अहो, हा माझा कूलर आहे, लाइट आली आहे, हा नुसता कूलर आहे! पण आवाज माझ्या तोंडातून बाहेर येत नाही.

उंबरठ्यावर ते वळतात. त्यांचा चेहरा सासूबाई दाखवायच्या त्या जुन्या फोटोतल्यासारखा झाला आहे, पहिल्या सेटच्या दिवशीचा.

"आला!" ते म्हणतात. "बघ, स्पीड घेऊन राहिला! सांगत होतो ना, शटडाउन होता!"

आणि डबा खाली ठेवून धावत परत येतात.

"तुम्ही निघाले होते," मी म्हणते. आता आवाज फुटतो, आता त्याचा उपयोग नाही.

"चालू सेट सोडून कोणी जाते का वो?" ते बाह्या सारतात. माझ्या हातातून दांडा काढून घेतात, हळूच, बोटं न दुखावता. "तू जा घरी. टेंभुर्णे दिसला तर सांग, घाई नको करू म्हणा. मी आहे."

मी डोळे उघडते.

कूलर पूर्ण जोरात आहे. पाती एकमेकांत मिसळून गेली आहेत. खिडकीचं पोतं वाळलं आहे, त्याच्या भोकांतून चिमणी दिसते, स्वच्छ, बिनधुराची. शेजारच्या घरातही टीव्ही सुरू झाला आहे. लाइट आल्याची सगळ्यांना केवढी घाई.

उठून मी बटणापाशी जाते. बंद करावा. बंद केला की आवाज थांबेल, त्यांना कळेल, ते डबा उचलतील. बटणावर बोट ठेवते आणि तसंच राहू देते. बंद केला, तर आवाज थांबेल आणि ते दांडा लावून हातानं फिरवायला लागतील. चालू ठेवला, तर चालू सेट सोडून ते जाणार नाहीत. घामानं ब्लाउज पाठीला चिकटला आहे. कूलर फिरतो आहे. एक बोट बटणावर ठेवून मी किती वेळ उभी आहे कोणास ठाऊक.

कानात काहीतरी चिकट लागतं. दुसऱ्या हातानं चाचपते. बोट उजेडात धरते.

ग्रीस. काळं, ताजं, अजून कोमट.

घरात आता रॉकेल नसतं.